काठावर चपला नव्हत्या

तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरं आहे. ओळखीच्या माणसाजवळ हे माझ्या तोंडातून कधी निघालं नाही — बायकोजवळ नाही, जन्मभर एकाच स्टाफरूममध्ये बरोबर चहा प्यायलेल्या मित्रांजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच नाही. एकदोनदा सुरुवात केली होती. ‘ताई, एक सांगायचं होतं’ — इथवर यायचो आणि मग पाण्याचा विषय काढायचो. आमच्याकडे पाण्याचा विषय केव्हाही काढता येतो.

आता लिहायला बसलो तरी तेच होतंय. कुठून धरावं कळत नाही. पुस्तकापासून धरतो. पुस्तकाबद्दल बोलणं मला सोपं जातं, मी मराठीचा मास्तर, दुसरं केलंय काय?

मी अकोल्याला असतो. नोकरी इथल्या एका शाळेत झाली, घरही इथंच बांधलं. पण गाव माझं शेंदूरजनाघाट — वरूड तालुक्यातलं, संत्र्यांचं. तुमच्या गावाचं नाव कधी कादंबरीत छापून आलंय? पुण्यामुंबईच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. त्यांच्या पेठा, त्यांच्या चौपाट्या आम्ही न बघताच पाठ केल्या. माझं गाव मात्र मराठी पुस्तकात मला कधीच भेटलं नव्हतं. भेटलं ते त्या वाईट वर्षांत, पेपरमध्ये, तेही आतल्या पानावर — जमिनीतलं पाणी आटलं, संत्र्याच्या बागा वाळल्या, लोकांनी हातानं लावलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला विकली, असल्या बातम्यांत. आणि विहिरीतून कोणाला बाहेर काढलं, अशा.

तर ती कादंबरी आली. लेखिका पुण्याच्या. नाव सांगत नाही, त्यांचा यात दोष नाही. कादंबरी बरीचशी पुण्यात घडते, मधली तीन प्रकरणं आमच्या गावात. त्यांनी सही करून प्रत पाठवली होती. मी ती हातात घेऊन पहिल्यांदा काय केलं असेल? आभाराच्या पानावर आपलं नाव शोधलं. होतं. शेवटून दुसरं. मग पुण्याची प्रकरणं तशीच ओलांडली आणि गावात शिरलो.

काय सांगू तुम्हाला, कसं वाटलं! संत्र्यांचा बाजार होता, खाली अंथरलेल्या तणसावर बसून फळं निवडणाऱ्या बायका होत्या, नासक्या संत्र्यांचा तो गोडसर आंबूस वास होता. चुकाही होत्या. एका ठिकाणी बाईंनी मोसंबी आणि संत्रं एकाच झाडाला लावून ठेवलं होतं, ते वाचून मी एकटाच हसलो. पण बोली चुकली नव्हती. गावातली माणसं पुस्तकात ‘करून राहिलो’ म्हणत होती, ‘काहून’ म्हणत होती, आणि प्रत्येक ‘मले-तुले’ जागच्या जागी होतं. कारण ते मी बसवून दिलं होतं. तीच बोली वर्गात बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करायचो. ‘मले’ नाही, ‘मला’ म्हण. पुण्याच्या बाईंनी मागितली तेव्हा मात्र हीच बोली मी ताटात वाढून दिली. हाही एक गुन्हाच आहे, पण तो लहान. मी लहान गुन्हे आधी सांगतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

तिसऱ्या प्रकरणात विहीर आली. ती येणार हे मला माहीत होतं. मी पुस्तक मिटलं, पाणी प्यायलो, पुन्हा उघडलं. एक संत्रेवाला शेतकरी. त्याची सुकत चाललेली बाग. एक सकाळ. तो विहिरीवर जातो, पायातल्या चपला काढतो, काठावर जोडीनं ठेवतो, त्यांची तोंडं घराकडे करतो — आणि उतरतो, परत न येण्यासाठी. फार चांगलं लिहिलं होतं. वाईट लिहिलं असतं तर बरं झालं असतं. वाईट पुस्तकं लोक विसरतात.

तो शेतकरी म्हणजे माझे भाऊजी. माझ्या ताईचे यजमान. पुस्तकात नाव वेगळं होतं, पण आमच्या गावात नावाला कोण विचारतं? बांधीव पायऱ्यांची विहीर, तिच्या कडेचा निंब, मूलबाळ नसलेलं जोडपं — एवढ्यावर कोणीही घर दाखवलं असतं.

आता खरं काय झालं ते सांगतो. हे सांगायला मला अडचण नाही, यात मी फक्त उभा होतो.

हिवाळ्याचे दिवस होते, मी शाळेच्या सुटीत ताईकडे गेलो होतो. भाऊजींनी बाग ताणावर सोडली होती. तुम्ही संत्रेवाले नसाल तर हा शब्द समजून घ्या, कारण सगळं याच्यावर आहे. संत्र्याच्या झाडाला बारमाही पाणी दिलं तर ते नुसतं पानानं माजतं, फुलत नाही. म्हणून बहाराच्या आधी त्याचं पाणी मुद्दाम तोडतात. महिनाभर, जमीन भारी असली तर जास्तही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. नवख्याला वाटतं, बाग मेली. मग आळी करून, खत घालून पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. ताणावर बाग सोडणारा माणूस पुढच्या दिवाळीचा विचार करत असतो. त्याच्याइतका उद्यावर भरवसा ठेवणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

भाऊजींची आळी करून झाली होती. शेणखत पडलं होतं. आठवड्यात पाणी सोडायचं होतं, पण विहिरीचं पाणी फार खाली गेलेलं, मोटारीचा पाइप खाली सरकवायला हवा होता. त्या कामाला त्यांनी रशीदभाईला बोलावलं होतं. रशीदभाई म्हणजे संत्र्याचा व्यापारी, दरवर्षी ताईची बाग झाडावरच ठरवून घेणारा. व्यापारी कमी आणि घरचा माणूस जास्त. तो आला तेव्हा भाऊजी म्हणाले, तुम्ही चहा घ्या, मी पुढं होतो. जाताना ताईला म्हणाले, दुपारी भरीत कर. आम्ही दोघं चहा पिऊन मागून गेलो.

विहिरीवर पाना पडला होता, पाइपाचा नटबोल्ट अर्धा ढिला केलेला. भाऊजी खाली. पाणी इतकं उतरलं होतं की आजवर कधी उघड्या न पडलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ होतं. त्या शेवाळावर घसरल्याचा लांब ओरखडा स्पष्ट दिसत होता. डोकं खालच्या दगडावर आपटलं होतं. रशीदभाई उतरला. मी नाही उतरलो. मी काठावर उभा राहून ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होतो. त्यानं त्यांना खांद्यावर घेऊन वर आणलं, निंबाखाली निजवलं. एक चप्पल पाण्यावर तरंगत होती, ती तो पुन्हा उतरून घेऊन आला. दुसरी भाऊजींच्या पायातच होती, अंगठ्यात घट्ट अडकलेली. रशीदभाईनं ती हळूच काढली आणि दोन्ही बाजूला ठेवल्या. गाव जमलं ते त्यानंतर. म्हणजे पायातली चप्पल दोघांनीच पाहिली, त्यानं आणि मी.

त्या वर्षांत शेतकरी विहिरीत सापडला की लोक एकच समजायचे. साहेब लोक आले, त्यांनीही तेच विचारलं. गावातल्या समजूतदार माणसांनी ताईला सुचवलं, तसं लिहून जाऊ दे, सरकारी मदत तरी मिळेल. ताई सातवी शिकलेली. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘‘नाई. त्याईचा पाय घसरला. बाग तानावर आहे. तानावर बाग ठेवून कोनी जाते का?’’

यापुढं तिला काही बोलायचं नव्हतं. नवरा गेला. पण तो तिला सोडून गेला नव्हता. तुमच्या लक्षात येतोय का यातला फरक? ती त्याच फरकावर जगत होती. भाऊजी तिच्याशी लबाडीनं वागले नव्हते, सकाळी भरीत मागितलं ते खाण्यासाठीच मागितलं होतं, एवढ्या आधारावर ती एकटी घर चालवत होती, बाग राखत होती, हसतही होती.

आता पुढं — पुढं मला लिहायलाच हवं.

वर्षा-दोन वर्षांनी लेखिका आल्या. अमरावतीच्या एका ओळखीच्या प्राध्यापकानं त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. गाव दाखवा, माणसांशी गाठ घालून द्या, बोली समजावून सांगा. मला किती मोठं वाटलं असेल! इस्त्रीचा शर्ट घालून मी त्यांच्या गाडीत पुढं बसलो. बाजारात रशीदभाईशी गाठ घालून दिली, ते दोघं संत्र्याच्या भावाबद्दल, मालाबद्दल थोडा वेळ बोलले. मग ताईकडे नेलं. ताईनं त्यांना जेवू घातलं आणि विचारल्यावर सगळं सांगितलं — पाइप, शेवाळ, भरीत. शेवटी तेच म्हणाली, ‘‘मानूस गेला तवा बाग तानावर होती, बाई.’’ बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईला वाटलं, यांना समजलं.

त्यांना समजलं नव्हतं. परतताना गाडीत त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, ‘‘सर, ताण बागेवर नव्हता ना? ताण त्यांच्यावर होता.’’

मी मराठीचा मास्तर. एका शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगणं हा माझा धंदा. मी म्हणू शकलो असतो, नाही हो बाई, ताण म्हणजे तसला नव्हे, शहरातला. दोन मिनिटांचं काम होतं. पण वाक्य चांगलं होतं. मला ते आवडलं. आणि — हे लिहिताना लाज वाटते — ते वाक्य त्यांनी मला म्हणून दाखवलं होतं, माझ्याकडे बघून, जणू मी त्यांच्या बरोबरीचा. दिवसभर त्या सगळ्यांचं ऐकत होत्या, माझ्याकडे फक्त शब्दाचा अर्थ विचारायला वळायच्या. मी म्हणालो, ‘‘हो.’’

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. त्या वाट बघत होत्या, आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं, तेव्हा मी ते तयार केलं. म्हणालो, ‘‘ताईला आम्ही सांगितलं नाही. पण चपला काठावर होत्या. दोन्ही. जोडीनं काढून ठेवलेल्या, तोंडं घराकडे.’’

घराकडे! ते ‘घराकडे’ मला कुठून सुचलं असेल? मी जन्मात एक कविता धड केलेली नाही. त्या दिवशी एकाच ओळीत जमलं. बाईंनी वही काढली नाही, काचेतून बाहेर बघत राहिल्या, आणि मला कळलं की हे त्यांना पाठ झालं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या झाडांचे ढीग रचलेले होते. मला अपराधी वाटलं का? नाही. मला बरं वाटलं. अकोल्याला घरी पोचेपर्यंत बरंच वाटत होतं.

पुस्तक निघालं. अमरावतीत प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. गावाकडचं प्रकरण कोणीतरी तिथल्या उच्चारात वाचावं असं ठरलं, आणि बाईंनी माझं नाव सुचवलं. मी नाही म्हणालो का? मी घरी तालीम केली. व्यासपीठावर उभं राहून मी ती विहीर वाचली, त्या चपला वाचल्या, आणि ‘तोंडं घराकडे’ इथं आवाज जरासा खाली आणला. सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. नंतर लोक येऊन हात हातात घेत होते. त्यात एक मुलगी आली, मी तिला लहानपणापासून ओळखत होतो. रशीदभाईची मुलगी, अमरावतीलाच कॉलेजात होती. ‘‘सर, तुम्ही छान वाचलं,’’ म्हणाली. नीट बघत होती माझ्याकडे. तेव्हा मला वाटलं, भारावली आहे.

एक प्रत ताईलाही गेली होती. लेखिकेनं आदरानं पाठवलेली, गावाच्या प्रकरणांत खूण घालून. ताई पोथीसारखी ओळीवर बोट ठेवून वाचते, तिला चार दिवस लागले असतील. मग तिचा फोन आला. हालहवाल नाही, काही नाही. ‘‘दोनी चपला काठावर होत्या म्हनते हे बाई. हिले कोनं सांगतलं?’’

मी म्हणालो, कादंबरी आहे ताई, कादंबरीत लोक मनाचं लिहितात.

‘‘ते मले समजते. पन बाकी सारं तं खरं लिवलं तिनं. भरीत खरं, शेवाळ खरं, निंब खरा. मंग हे एकच खोटं कसं?’’

आहे का उत्तर? माझ्याजवळ होतं. एका वाक्याचं होतं — ताई, ते मी सांगितलं, आणि ते खोटं आहे. मी ते बोललो नाही. मग तीच म्हणाली, हळू, स्वतःशीच जुळवत असल्यासारखी, ‘‘तिथं तुमी दोघंच होते. तू अन् रशीदभाई.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, ‘‘बाजारात रशीदभाईचं बोलणं झालं होतं बाईंशी.’’

यात खोटं काय आहे? अक्षरही नाही. बोलणं झालंच होतं, भावाबद्दल, मालाबद्दल. मी फक्त एक खरं वाक्य योग्य जागी ठेवलं. व्याकरणाच्या मास्तराला वाक्य कुठं ठेवायचं ते कळतं.  मग ताईनं विचारलं, ‘‘तू नाई पाह्यल्या चपला?’’ मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं ताई, तो माझ्या आधी पोचला होता. हे मात्र साफ खोटं होतं. आम्ही बरोबर पोचलो होतो.

‘‘मंग त्याईनं भरीत कायले मांगतलं रे?’’ ती म्हणाली. ‘‘शेवटचं म्हनून मांगतलं का?’’

मी म्हणालो, असं काही मनात आणू नको. आणि फोन ठेवला.

पुढच्या बहाराला रशीदभाई नेहमीप्रमाणे बाग बघायला आला. ताईनं गड्याच्या हाती पाणी पाठवलं आणि आतूनच निरोप दिला की बाग दुसऱ्याला दिली. तो पाणी पिऊन गेला. ज्यानं तिचा माणूस खांद्यावर वर आणला, त्याला ती बाहेर येऊन बोललीसुद्धा नाही. गावात चर्चा झाली. कोणी म्हणालं व्यवहारात काही झालं असेल, कोणी जातधर्माचं काढलं — तेही काढायचेच. मी अकोल्यात होतो. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन कोणाचं तोंड धरलं नाही.

ताई बदलली. बाग राखायची, पण बहाराच्या दिवसांत बागेत जायची नाही. भाऊजींचा फोटो समोरच्या खोलीत होता, तो आत नेला. मी विचारलं तर म्हणाली, धूळ बसते. ज्या माणसाबद्दल तिनं साहेबांसमोर उंबऱ्यात उभं राहून साक्ष दिली होती, त्याच्याकडे ती आता शंकेनं बघत होती. मेलेला माणूस शंकेला उत्तर देत नाही. जिवंत होता तो मी, आणि मी सणावाराला जायचो, मिठाई न्यायचो.

रशीदभाईच्या मुलीचं पुढं अकोल्यातच लग्न झालं, मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. एकदा त्या बाजूला काही कामानं गेलो असताना लेकीकडे आलेला रशीदभाई मला गल्लीच्या तोंडाशी भेटला. थकला होता. मला चुकवता आलं असतं, पण त्यानं ‘‘सर’’ म्हणून हाक मारली. एका हॉटेलात बाकावर बसवलं, चहा सांगितला. 

‘‘पोरीनं मले सारं सांगतलं,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी कसं वाचलं, कुठं थांबले. सर, पायातली चप्पल आपुन दोघांनीच पाह्यली. मी तं कोनाले बोललो नाई. मंग कोन बोललं?’’

मी कपाकडे बघत होतो.

‘‘मी गेलतो ताईकडे सांगाले. सच्ची बात. फाटकापर्यंत गेलतो. मंग सोचलं, हिचा मानूस गेला, लेकरू नाई. आता हे सांगतलं तं भाऊबी जाईन. वापस आलो.’’ त्यानं चहाचे पैसे ठेवले. मग उठताना म्हणाला, ‘‘माफ केलं समजू नका. माफ नाई केलं. तुमी सांगा तिले. माह्यासाठी नका सांगू. त्या मानसासाठी सांगा, तो कुठं गेला नवता तिले सोडून.’’

मी मान हलवली. होकारच दिला, म्हणा. त्याच आठवड्यात गावी जायचं ठरवलं. मग परीक्षा आल्या. मग पेपर तपासणं आलं. मग पावसाळा. तुम्हाला काय सांगू, किती सोपं असतं ते — ठरवलेल्या दिवसाच्या पुढं रोज एक दिवस असतोच. वर्षं गेली.

मी कारणं शोधून पाहिली आहेत. विहिरीत मी उतरलो नाही, त्याची लाज होती आणि म्हणून गोष्टीत तरी मोठी जागा हवी होती, असं एक कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरंही असेल. पण गाडीत बसून मी खोटं बोललो तेव्हा मला लाज नव्हती, हौस होती. आणि फोनवर बोललो तेव्हा भीती होती. हौस आणि भीती, दोन्ही माझीच. हे छापून आलं तर गावात कोणीतरी ताईला वाचून दाखवेल. तिचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत. आधी जाऊन तोंडानं सांगावं, एवढं माझ्यानं अजून झालेलं नाही. तुम्हाला आधी सांगतोय, तिला नाही, हेही तुम्ही लक्षात ठेवा.

गेल्या हिवाळ्यात रशीदभाई वारला. मी मातीला गेलो होतो. तिथून ताईकडे गेलो. तिला कळलं होतं. ती त्याच्या घरी गेली नव्हती. अंगणात खाटेवर बसली होती, मला बस म्हणाली. मातीला कोण कोण आलं होतं ते मी सांगत बसलो.

मग तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. ‘‘तोबी गेला,’’ म्हणाली. ‘‘त्याच्यावर म्या राग धरला, पन एक डाव त्याले इचारू, इचारू म्हनत राह्यली. आता तिथं होता असा तूच एकटा राह्यला. म्याबी काही लय दिवसाची नाई. काहीबी असलं तरी चालते मले. खरं सांग. चपला काठावर होत्या का?’’

जवळ कोणी नव्हतं. तिनं विचारलं होतं, इतकं सरळ, आणि काहीही असलं तरी चालेल म्हणाली होती. एक शब्द पुरला असता.

‘‘मले आठवत नाई, ताई,’’ मी म्हणालो.

ती ‘बरं’ म्हणाली. मग भिंतीला हात लावत आत गेली, चाचपडत ताट घेतलं आणि मला जेवायला वाढलं. मी जेवलो.